स्मरगीते की समरगीते?

सोलापुरातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. १२ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी 'समरगीते' असं लिहून दिलं आणि फ्लेक्सवर 'स्मरगीते' छापून आलं. छापणारा म्हणतो, "चार हुतात्म्यांचं स्मरण आहे की ओ, मग स्मरच बरोबर!" शिवाय समर म्हणजे स + मर, मरणासकट, अशी फोड बरोबर का, हेही विचारलंय.

छापणाऱ्याचं चुकलं, आणि फारच गमतीशीर चुकलं. संस्कृतात 'स्मर'चा अर्थ आठवण असाही होतो, पण काव्यात स्मर म्हणजे मदन. गीतगोविंदात कृष्ण राधेला 'स्मरगरलखण्डनम्' म्हणतो, ते मदनाच्या विषावर उतारा मागताना. आता १९३१ साली येरवड्यात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांच्या फोटोखाली 'स्मरगीते' वाचून बघा!

'समर'मध्ये मरण नाही. सम् आणि ऋ (जाणे) मिळून तो शब्द झाला. मूळ अर्थ एकत्र येणं, गाठ पडणं. त्यातून भिडणं आणि मग लढाई. 'संग्राम'मधला ग्रामसुद्धा गाव नव्हे, जमाव. आणि 'समिति' हा शब्दही संस्कृतात युद्ध या अर्थी येतो, जे आपल्या सोसायटीची मीटिंग पाहिलेल्यांना समजवावं लागणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या यादीत पहिलं गाणं आझाद हिंद सेनेचं 'कदम कदम बढाये जा' आहे. ते अस्सल समरगीत. त्याला मी 'कूचगीत'ही म्हणेन. 'संचलनगीत' म्हटलं की मला शाळेची कवायत आठवते. कदम म्हणजे पाऊल, आणि जागच्या जागी पाय आपटत म्हणून बघा, ठेका बरोबर पावलावर पडतो. शेवटचं गाणं 'ऐ मेरे वतन के लोगो'. २७ जानेवारी १९६३ला लताबाईंनी ते दिल्लीत गायलं, चीनच्या युद्धानंतर. ते घरी राहिलेल्यांना उद्देशून आहे, परत न आलेल्यांबद्दल. त्यावर पाय आपटता येत नाहीत. हे स्मरणगीत.

म्हणजे फ्लेक्स अगदीच वाया गेला नाही. 'स्मर' आणि 'गीते'च्या मध्ये बोटभर जागा असेल तर एक 'ण' चिकटवा. 'कदम कदम'चं काय ते निवेदकाला सांगू द्या.