द्राक्षबागेची तार आणि हॅमचा अँटेना

प्रश्न : मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा. मखमलाबादला मळ्यात तीस फुटी बांबूवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन भुजा खाली उतरणारा तारेचा अँटेना आहे. पावसाळी वाऱ्यात नायलॉनचे दोर तुटले, म्हणून मांडवाची उरलेली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार चारही बाजूंना ताणून मेखांना बांधली. बांबूला धरणारी अशी प्रत्येक तार, म्हणजे ताण, साडेदहा मीटर. १.३ असलेला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप; १ च्या जितका जवळ तितका चांगला) आता २.५ दाखवतो. तारेचा दोष का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तारेचा नाही, तिच्या लांबीचा. ७.१ मेगाहर्ट्झचा पूर्ण तरंग सुमारे ४२ मीटर, पाव तरंग साडेदहा. तुमच्या ताणाचं खालचं टोक लोखंडी मेखेतून मातीत गेलंय, वरचं बांबूवर मोकळं आहे. अशी पाव तरंगाची तार त्या लहरींना साद देते, म्हणजे त्याच बँडवर घुमणाऱ्या चार तारा तुम्ही अँटेनाला खेटून उभ्या केल्यात. त्यात भुजाही ताणांच्या दिशेनेच उतरत असतील, तर विचारायलाच नको. त्या आधी फिरवून दोन ताणांच्या मधोमध आणा.

तार मात्र काढून टाकू नका. गंगापूर रोडला माझ्या गच्चीवर मीही नायलॉन वापरला होता. दोन उन्हाळ्यांत दोर हाताला पिठासारखा लागायला लागला आणि मृगाच्या पहिल्याच वाऱ्यात मास्ट (अँटेनाचा खांब) शेजारच्या टाकीवर आडवा झाला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून माझा भरवसा तारेवरच आहे, पण तुकडे केलेल्या.

विजेच्या खांबाच्या ताणात वीज अडवणारं चिनी मातीचं अंडं असतं ना, तेच आणा. प्रत्येक ताणाला तीन : एक मेखेजवळ, दोन मध्ये. साडेतीन मीटरांचे तुकडे होतील. सुटा तुकडा अर्ध्या तरंगाएवढा झाला की घुमतो; २८ मेगाहर्ट्झचा अर्धा तरंगही पाच मीटरांहून मोठा असतो, त्यामुळे पुढे वरचे बँड लावलेत तरी हे तुकडे आड येणार नाहीत. अंड्याची दोन भोकं एकमेकांना आडवी असतात. दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकतील असेच ओवा. मग ओढ बसली की चिनी माती दाबली जाते, ओढली जात नाही, आणि उद्या अंडं फुटलं तरी फास एकमेकांना धरून राहतात, बांबू कोसळत नाही. घाईत उलटं ओवलेलं मी पाहिलंय, म्हणून इतकं सांगतो.

एसडब्ल्यूआर खाली आला तरी लगेच निर्धास्त होऊ नका. मीटर ठीक दाखवत असतानाही जवळची तार सिग्नलची दिशा बिघडवू शकते. नेहमीच्या दोन-तीन स्टेशनांकडून आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट घ्या.

काम वारा पडलेला असताना, सकाळी करा. एका वेळी एकच ताण सोडायचा, आणि त्याआधी त्या बाजूला तात्पुरता दोर बांधायचा. बांबू ज्या अंगाला पडू शकतो तिथे विजेची लाइन असेल, तर आधी जागाच बदला.