जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्यापूर्वी
विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून फोंड्यातल्या घरचा चालता संगणक भंगारात काढण्याचे कारण नाही. ४ जीबी रॅम असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा मिंट हा प्रकार, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्याने डिस्ट्रोंची (लिनक्सच्या निरनिराळ्या प्रकारांची) तुलना करण्यातच महिना घालवू नये.

मिंटची आयएसओ फाइल (जिच्यात अख्खी प्रणाली असते ती) अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा संकेत) तपासा, ती रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहा आणि काहीही न बसवता संगणक त्यावरूनच सुरू करा. या लाइव्ह अवस्थेत तुम्ही स्वतः काही बदलल्याशिवाय हार्डडिस्कवरचे काही बदलत नाही. त्यामुळे वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मुले मराठी किंवा कोंकणी लिहीत असतील तर देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक, हे सारे निवांतपणे पाहता येते. वायफाय चालले नाही, तर फोनचे इंटरनेट यूएसबी केबलने जोडून ड्रायव्हर मॅनेजर (वायफायसारख्या भागांना लागणारे सॉफ्टवेअर शोधून बसवणारे मिंटमधले साधन) उघडा.

बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसशिवाय डेस्कटॉपची पार्टिशन (हार्डडिस्कचे पाडलेले भाग) बदलू नका: अचानक वीज गेल्यावर एक्स्ट४ ही लिनक्सची फाइली साठवण्याची पद्धत तिच्या जर्नलमुळे (बदलांच्या नोंदवहीमुळे) बहुधा सावरते, पण अर्धवट सरकवलेले पार्टिशन सावरेलच असे नाही. लिनक्स बसवून झाल्यावर टाइमशिफ्ट (सिस्टीम बिघडल्यास आधीच्या स्थितीत नेणारे साधन) चालू करा. मात्र ते मुळात सिस्टीमच्या फाइली जपते, तुमच्या फोटोंसाठी वेगळा बॅकअप लागतोच.