जुन्या अँड्रॉइड ॲपमध्ये नवीन स्क्रीन कंपोजमध्ये करावी की एक्सएमएलमध्येच?

तुमचं ॲप एक्सएमएल लेआउटवर (स्क्रीनची रचना वेगळ्या फाइलमध्ये लिहायची जुनी पद्धत) व्यवस्थित चालतंय, आता कार्टची नवीन स्क्रीन करायची आहे आणि टीममध्ये डिक्लेरेटिव्ह (स्क्रीन कशी दिसावी तेवढं सांगायचं) की इम्परेटिव्ह (काय बदलायचं ते एकेक पायरीने सांगायचं) असा वाद पेटलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर ही एक स्क्रीन कंपोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नव्या डिक्लेरेटिव्ह टूलकिटमध्ये करा, बाकी ॲपला हात लावू नका.

रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा (डिक्लेरेटिव्ह) की एकेक वळण (इम्परेटिव्ह), हे उदाहरण तुम्ही वाचलं असेलच. ते राहू द्या, तुमची कार्टच बघू. वस्तू वाढवली, वस्तू काढली, कूपन लावलं, सर्व्हरने 'स्टॉक संपला' म्हणून कळवलं. अशा चार घटना. त्यातल्या कुठल्याही एकीने एकूण रक्कम, डिलिव्हरीचा खर्च, कूपनची सूट आणि 'पैसे भरा' बटण या चारही गोष्टी बदलू शकतात. प्रत्येक लिसनरमधून (घटना घडली की चालणारा कोड) प्रत्येक व्ह्यू (स्क्रीनवरचा घटक) अपडेट करत बसलात तर १६ जागा सांभाळायच्या. एक राहिली की कार्ट रिकामी आणि बटण मात्र चालू! असे बग ठरावीक क्रमाने बटणं दाबल्यावरच येतात, म्हणून टेस्टिंगमधून हमखास निसटतात.

जाणती माणसं एक्सएमएलमध्येसुद्धा एकच रेंडर फंक्शन लिहून सगळी स्क्रीन तिथूनच भरतात. ते हाताने केलेलं डिक्लेरेटिव्हच झालं. कंपोज तेच काम स्वतः करतं, आणि स्टेट (स्क्रीनमागची माहिती) बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलाच भाग पुन्हा चालवतं. वेबसाठीचं रिॲक्ट २०१३ मध्ये आलं, ॲपलचं स्विफ्टयूआय २०१९ मध्ये, कंपोज १.० २०२१ मध्ये. सगळ्यांचा रोख हाच.

पण म्हणून हुकूम द्यायची वेळ येतच नाही असं नाही. यादी वर सरकवा, या रकान्यात कर्सर न्या, या गोष्टी कंपोजमध्येही आज्ञा देऊनच होतात. नकाशाचा जुना व्ह्यू असेल तर तो अँड्रॉइडव्ह्यूमध्ये गुंडाळून खुशाल वापरा.

नवख्यांचे पाय अडखळतात ते दोन-तीन ठिकाणी. साध्या ॲरेलिस्टमध्ये वस्तू टाकली तर कंपोजला पत्ताच लागत नाही. नवीन लिस्ट द्या किंवा म्यूटेबलस्टेटलिस्टऑफ (कंपोजला बदल कळवणारी लिस्ट) वापरा. कंपोजच्या नुसत्या रिमेंबरमध्ये ठेवलेली माहिती फोन आडवा केला की जाते, तिथे रिमेंबरसेव्हेबल किंवा व्ह्यूमॉडेल हवं. आणि नेटवर्क कॉल कंपोजेबलच्या (स्क्रीनचा भाग दाखवणाऱ्या फंक्शनच्या) अंगात थेट लिहू नका. ते फंक्शन कितीदा चालेल हे तुमच्या हातात नसतं.

लॉगिन, सेटिंग्ज वगैरे स्थिर स्क्रीन्स पुन्हा लिहिण्यात मला तरी काही फायदा दिसत नाही. कार्टसाठी फ्रॅगमेंट (जुन्या पद्धतीतला स्क्रीनचा तुकडा) करा, त्यात कंपोजव्ह्यू (कंपोजची स्क्रीन दाखवणारा व्ह्यू) टाका. सध्याचं नेव्हिगेशन तसंच चालेल.