चाक घुमतंय, वजन किती लावू?
वाचकांचे प्रश्न: जुने ट्रॅक्टर

प्रश्न: नमस्कार साहेब. आमच्याकडं वडिलांनी घेतलेला मॅसी १०३५ आहे, इंजिन अजून टकाटक, धूर नाही काय नाही. पण ऊस निघाल्यावर खोडकी काढायला पल्टी नांगर लावला की मागचं चाक जाग्यावर घुमतंय. गावातला फिटर म्हणतोय दोन्ही चाकाला शंभर-शंभर किलोचं बिडाचं वजन लाव, चुलतभाऊ म्हणतोय टायरात पाणी भर. जमीन नदीकाठची काळी. नक्की काय करू?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर: दादा, दोघंही खोटं सांगत नाहीत, पण जमिनीचं कुणीच बघितलेलं दिसत नाही. चाकाला पकड मिळते ती दोन गोष्टींनी, एक म्हणजे चाकावर किती भार आहे आणि दुसरी म्हणजे मातीला मातीचा चिकटपणा किती आणि टायर किती जागेवर टेकलाय. मुरमाड, वाळूसर, तांबड्या रानात पहिली गोष्ट चालते, तिथं वजन लावलं की फरक लगेच दिसतो. ओल्या काळ्या रानात मात्र दुसरी गोष्ट चालते, तिथं तुम्ही वजन वाढवलं तरी पकड त्या मानानं वाढत नाही, चाक फक्त अजून खाली रुततं, आणि वरून नांगराच्या तासाच्या तळाला माती दाबून कडक थर बसतो तो वेगळाच. पुढच्या लावणीला उसाची मुळी त्या थरावर जाऊन आडवी पसरणार. म्हणून पहिला प्रश्न मीच विचारतो, वापसा यायच्या आधी, म्हणजे रानातली जादा ओल उतरून माती कामाजोगी व्हायच्या आधी, घाई करताय का? तोडणी झाली, सरीत अजून ओल आहे, नांगरवाल्याचा नंबर लागलाय म्हणून घातला नांगर, असं असेल तर वजनाचा पैसा वाचवा आणि चार दिवस थांबा.

वापसा असूनही घुमत असेल तर मग पुढचं. टायरच्या नक्ष्या किती उरल्यात बघा, झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला दोन क्विंटल लावलं तरी ते घसरणारच. मग हवा. आपल्याकडं ऊसवाहतुकीसाठी टायर दगडासारखा फुगवतात आणि तसाच रानात घालतात, म्हणजे टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो. रानात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पीएसआय खूप झाली, तुमच्या पुस्तकात काय दिलंय ते आधी बघा, आणि परत ट्रॉली जोडताना हवा वाढवायला विसरू नका, कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली तर टायरची बाजू फाटते.

आता खरी गंमत. तुमचा मॅसी हा फर्ग्युसनच्या घराण्यातला, आणि हॅरी फर्ग्युसननं तीन पॉइंटचं लिंकेज (नांगर मागं तीन ठिकाणी जोडायची रचना) आणि हायड्रॉलिक ज्या कारणासाठी केलं ते हेच होतं, की ट्रॅक्टर हलका ठेवायचा आणि नांगराची ओढ वापरून मागच्या चाकावर भार आणायचा. त्यासाठी ड्राफ्ट कंट्रोलचा लिव्हर आहे, तो ओढ वाढेल-कमी होईल तसा नांगर आपोआप वर-खाली करतो. पण आपले नव्वद टक्के ड्रायव्हर पोझिशनच्या, म्हणजे नांगर एकाच उंचीला धरून ठेवणाऱ्या लिव्हरवरच नांगरतात (टक्का माझ्या अंदाजाचा आहे, भांडायला येऊ नका), किंवा लिफ्ट पूर्ण सोडून नांगर मोकळा ठेवतात, म्हणजे कंपनीनं फुकट दिलेलं वजन सोडून द्यायचं आणि विकतचं लावायचं. ड्राफ्टवर लावा, टॉप लिंकची, म्हणजे नांगराला जोडणाऱ्या वरच्या दांड्याची, लांबी नीट करा, म्हणजे नांगर टाच उचलून किंवा नाक खुपसून चालणार नाही, आणि मग बघा किती घुमतंय ते.

किती घुमतंय ते मोजता येतं. टायरला खडूनं रेघ मारा, त्याच रानात नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. मग नांगर टाकून त्याच गिअरला दहा फेरे. समजा मोकळं ४० मीटर गेला आणि नांगरताना ३४ मीटर, तर घसरण १५ टक्के. नांगरलेल्या-न नांगरलेल्या रानाप्रमाणं १० ते १५ टक्के घसरण चालते, तेवढी पाहिजेच. ३० मीटरच गेला तर २५ टक्के, मग डिझेल आणि टायर दोन्ही तुम्ही जाळताय. आणि अजिबातच घसरत नसेल, मागं नक्षीचा ठसा छापल्यासारखा कोरीव दिसत असेल, तर वजन जादा आहे. ही गोष्ट जुन्या ट्रॅक्टरला फार महत्त्वाची, कारण चाक घसरतंय म्हणून आतलं वाचतंय. चाक घसरायचं थांबलं की नांगर दगडाला अडकल्यावर तो सगळा झटका क्राउन-पिनियन, ॲक्सल शाफ्ट आणि क्लच प्लेटवर जातो. वयानं थकलेल्या गिअरबॉक्सला हे झेपत नाही आणि त्याचं सामान मिळवताना तुम्हाला झेपत नाही.

एवढं सगळं करून घसरण जादाच असेल तर लावा वजन, पण फिटर म्हणतोय तेवढं एकदम नको. आधी गावातल्या वजनकाट्यावर जा. अख्खा ट्रॅक्टर नांगर काढून चढवा, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून परत बघा. टू व्हील ड्राइव्हला (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला) मागं ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास आणि पुढं बाकीचं, असा हिशेब धरतात. समजा एकूण १७०० किलो आणि मागं १०८०, म्हणजे साडेत्रेसष्ट टक्के. मागं प्रत्येक चाकाला ५० किलो लावलं की १८०० पैकी ११८०, साडेपासष्ट टक्के झालं. बास. परत खडू घेऊन मोजा. नाही भागलं तर नांगराचा एक फाळ कमी करून एक गिअर वर चालवा, काम तेवढंच निघतं आणि ओढ कमी लागते.

प्रश्न: टायरात पाणी भरून घ्यायचं आहे. पंक्चरवाला म्हणतो मीठ टाका, नाहीतर पाणी खराब होतं. खरं का?
– एक ताई, हातकणंगले

उत्तर: ताई, मीठ अजिबात टाकू नका. बाहेरच्या थंड देशात टायरातलं पाणी गोठतं म्हणून तिथं कॅल्शियम क्लोराईड टाकायची पद्धत पडली, ती ऐकीव होऊन आपल्यापर्यंत मीठ म्हणून आली. हातकणंगल्यात कुठलं पाणी गोठतंय! मिठानं रिम मात्र आतून खाऊन टाकतं. साधं स्वच्छ पाणी, जॅक लावून चाक उचलायचं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि त्या पातळीपर्यंत भरायचं, म्हणजे पाऊण टायर भरतो, वर हवेला जागा राहते. ती जागा लागतेच, हवा नसेल तर टायरला लवचिकपणाच राहत नाही. १३.६-२८ च्या टायरात असं जवळजवळ १९०-२०० लिटर बसतं, म्हणजे एका चाकाला दोन क्विंटल, हे ऐकून बरेच जण दचकतात. म्हणून पाणी भरायचं तर बिडाचं वजन त्यावर परत लावायचं नाही. पाण्याची एक अडचण अशी की आज नांगरट, उद्या ट्रॉली, असं काम असेल तर ते रोज काढता येत नाही, बिडाचं वजन पान्यानं सुटतं. मी तरी रोडवर जास्त असणाऱ्या ट्रॅक्टरला पाणी सुचवत नाही, ब्रेक जुने असतात आणि थांबवायला ते पाणीपण थांबवावं लागतं.

प्रश्न: चढाला भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन जाताना ट्रॅक्टर पुढनं उचलतोय. दोन माणसं बंपरवर बसवतो, तेवढ्यापुरतं चालतं. मागं वजन वाढवलं तर?
– वाचक, कागल

उत्तर: भावा, मागं वजन वाढवून पुढचं खाली येणार कसं? ते अजून उचलेल. आणि ती दोन माणसं आजपासून खाली उतरवा, पाय घसरला की पुढच्या चाकाखालीच. पुढं बंपरला बसणारी वजनं लावायची, आणि त्याआधी हे बघा की ट्रॉली जोडलीय कुठं. ओढ ही खालच्या हुकालाच पाहिजे. काही जण टॉप लिंकच्या जागी साखळी लावून अडकलेली ट्रॉली काढतात, ॲक्सलच्या वरून ओढ बसली की ट्रॅक्टर उलटा मागं पलटतो, ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आणि मुळात जुन्या ३५ एचपीला दोन भरलेल्या ट्रॉल्या हाच प्रश्न आहे. चढाला एकेक न्या.

प्रश्न: भाताच्या चिखलणीला वजन लावून फायदा होईल का?
– राधानगरी

उत्तर: नाही. असेल तेही काढा, ट्रॅक्टर पोटावर बसेल. चिखलात लोखंडी केज व्हील, आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी ते काढून ठेवायचं.

प्रश्न: रोटरला किती वजन लावावं?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: रोटरला, म्हणजे रोटाव्हेटरला, वजन लागत नाही. पाती पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) फिरून ट्रॅक्टरला पुढंच ढकलत असतात, ओढ अशी पडतच नाही. उलटं वजन लावून फिरलात तर भुसभुशीत केलेलं रान तुम्हीच दाबताय.

प्रश्न: आजोबांचा एचएमटी २५११ रंग मारून परत उभा केलाय, बेंदराला बैलांबरोबर त्यालापण सजवतो. एका बाजूचं मूळ वजन भंगारात गेलंय, दुसऱ्या बाजूचं आहे. उद्यमनगरात तसंच ओतून मिळेल का? एक जण म्हणतो सिमेंटचं कर.
– एक वाचक, करवीर

उत्तर: वा, १९७१ ला एचएमटीनं झेटरच्या मदतीनं सुरू केलेलं मॉडेल ते, जपा. सिमेंटचं नको. ६० सेंमी व्यासाची आणि १५ सेंमी जाडीची काँक्रीटची चकती शंभर किलोच्या आसपास भरते, तेवढ्याच मापात बीड तीनशेच्या वर जातं, म्हणजे सिमेंटनं वजन आणायचं तर चाक झाकून जाईल, आणि रानातल्या हादऱ्यानं ते तडकतंच.

ओतून मिळेल, कोल्हापुरात फौंड्रीची कमी आहे का! फक्त जुनंच वजन पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) म्हणून वाळूत दाबायला देऊ नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ ४०० मिलिमीटरचं असेल तर नवीन ३९६ चं येईल आणि चाकाच्या प्लेटला एकही बोल्ट बसणार नाही. पॅटर्नवाल्याला माप देऊन आकसणीची सूट धरून लाकडी पॅटर्न करून घ्या, किंवा भोकं न ओतता नंतर ड्रिल मारून घ्या, माझ्या मते हे दुसरं स्वस्तात जातं. फक्त मिरवायचं असलं तरी दोन्ही बाजू काट्यावर घालून वजन सारखं आहे का बघा. बोल्ट ८.८ ग्रेडचे हाय टेन्साइल, भंगारातले नको. बसवल्यावर चाक हातानं पूर्ण एक फेरा फिरवून मडगार्डला किंवा हवेच्या व्हॉल्व्हला वजन घासतंय का बघायचं, आणि थोडं चालवून आणल्यावर सगळे बोल्ट परत एकदा आवळायचे.