इंग्लंडमधली न्यूकॅसल आणि संडरलँड ही शहरं इतकी जवळ असून फुटबॉलवरून एवढं वैर का?

जवळ आहेत म्हणूनच! जेमतेम वीसेक किलोमीटर अंतर, मेट्रोने अर्ध्या तासात पोचता. पण हे भांडण फुटबॉलच्या कितीतरी आधीचं आहे, कोळशाच्या व्यापाराचे हक्क राजाने न्यूकॅसलच्या व्यापाऱ्यांना दिलेले, संडरलँडवाले त्याने वैतागलेले, मग १६४२ ला यादवी युद्ध पेटलं तेव्हा न्यूकॅसल राजाकडे आणि संडरलँड पार्लमेंटकडे. पुढे जहाजबांधणीतही तीच चुरस. क्लब नंतर आले, राग तयारच होता.

माझा आतेभाऊ संडरलँडला शिकायला होता. पहिल्याच आठवड्यात घरमालकाला कौतुकाने म्हणाला, तुम्ही जॉर्डी लोक फार प्रेमळ हो. म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, जॉर्डी ते न्यूकॅसलवाले, आम्ही संडरलँडचे मॅकम. बाहेरच्याला दोघांची बोली सारखीच वाटते, त्यांना नाही. न्यूकॅसलच्या शर्टावर काळे-पांढरे पट्टे, संडरलँडच्या लाल-पांढरे, आणि १९७४ ला सरकारने दोघांना एकाच 'टाइन अँड वेअर' काउंटीत कोंबलं, ते तर अजून कित्येकांना पचलेलं नाहीये. संडरलँडचं स्टेडियम जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर आहे, बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचा पुतळा, तेवढा नक्की बघा. फक्त जाताना काळा-पांढरा शर्ट नको.