पुण्यात एमएस सर्जरी करतोय, पोडियाट्रिक सर्जरी (पाऊल आणि घोट्याची शस्त्रक्रिया) कुठे आणि कशी शिकू?

अमेरिकेत यासाठी वेगळी पदवी आहे: पदवीनंतर ४ वर्षं पोडियाट्रीचं कॉलेज, मग ३ वर्षं रेसिडेन्सी. आपल्याकडे जनरल सर्जरी किंवा ऑर्थो करूनच या वाटेला लागायचं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मधुमेही पायाचे पेशंट भरपूर, हात आपोआप बसतो. पण रात्री दोनला डेब्रिडमेंट (जखमेतला मेलेला भाग काढणं) उरकणं म्हणजे शिकणं नव्हे! १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) खिशात ठेवा, दोन्ही तळवे स्वतः तपासा. घोट्याचा प्रेशर इंडेक्स (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होतात, आकडा फसवा येतो; अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघा. आमच्या मॅडम राउंडला आधी पेशंटची चप्पल उलटी करून झीज बघायच्या, मग जखम. असा सिनियर गाठा.