गेममध्ये कर्म टाकायचं असेल तर मीटर ठेवू नका

तुमचा प्रश्न असा की आरपीजी (खेळाडू एखादं पात्र होऊन खेळतो तसा गेम) बनवताय, त्यात मोरॅलिटी सिस्टिम, म्हणजे बरं-वाईट मोजायची पद्धत म्हणून 'कर्म' घ्यायचंय, चांगलं केलं की प्लस आणि वाईट केलं की मायनस असं मीटर, एवढं पुरेल का. गेम चालायला पुरेल हो, पण मग त्याला सरळ पॉइंट म्हणा, कारण पाप-पुण्याची वजाबाकी सुरू झाली की कर्माचा सिद्धांत तिथेच संपला.

फॉलआउट ३ (२००८) हा गेम बघा. मेगाटन नावाचं अख्खं गाव अणुबॉम्बने उडवलं की कर्म १००० ने खाली, आणि दुसऱ्या वस्तीबाहेर बसलेल्या तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याची बाटली दिली की ५० ने वर. म्हणजे २० बाटल्या पाजा, गावाची फिट्टंफाट! मीटर समोर दिसत असलं की खेळाडू हेच करणार, त्यात त्याचा काय दोष. त्याच गेममधली एक गोष्ट मात्र मला पटते, कोणी बघत नसताना चोरी केली तरी कर्म घटतं. लोकांना कळलं तर बदनामी, तो वेगळा हिशोब, आणि त्याच मालिकेतल्या न्यू व्हेगासने (२०१०) तो वेगळा ठेवलाही, कर्म एकीकडे आणि कुठल्या गटात तुमची पत काय ते दुसरीकडे. तुम्हीही तसंच करा.

आता कर्णाची गोष्ट घ्या. ब्राह्मणाची गाय चुकून मारली, त्याने शाप दिला की ऐन युद्धात तुझ्या रथाचं चाक जमीन गिळेल, कर्णाने गायी देऊ केल्या, रत्नं देऊ केली, शाप काही हटला नाही. मग सगळं विसरायला होतं आणि कुरुक्षेत्रावर अर्जुन समोर असताना चाक रुततं. गेमच्या भाषेत बोलायचं तर सुरुवातीला एक फ्लॅग (गेमने आत ठेवलेली खूण) लागला आणि तो थेट शेवटच्या फाइटला पेटला, मधे कुठलाही दानधर्म त्याला पुसू शकला नाही. (प्रायश्चित्त असतं, पण ते त्या-त्या पापाचं वेगळं, सरसकट नाही.)

म्हणून एक आकडा ठेवण्याऐवजी प्रत्येक कृत्याची वेगळी नोंद ठेवा. संचित म्हणजे साठलेल्या सगळ्या नोंदी, प्रारब्ध म्हणजे त्यातल्या ज्या फळायला लागल्यात त्या, क्रियमाण म्हणजे खेळाडू आत्ता जे करतोय ते. माहिती साठवायचा तयार साचा, डेटा स्ट्रक्चर आहे राव, आयतं मिळालंय. नोंद किती दिवस टिकणार आणि फळ किती जोरात येणार हे ठरवायला जैनांचं घ्या, त्यांच्याकडे कर्म म्हणजे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म कणच, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय जितके तीव्र तितका बंध जास्त काळाचा आणि फळ कडक. हल्ला करणाऱ्याला मारलं तर छोटी नोंद, शस्त्र टाकून शरण आलेल्याला मारलं तर लांबलचक. बौद्ध तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच कर्म म्हणतात, पण खेळाडूच्या मनात काय आहे ते कोडला कुठून दिसणार, त्यामुळे परिस्थितीवरून अंदाज बांधायचा एवढंच आपल्या हातात. अल्टिमा ४ या गेमने हे १९८५ मध्येच केलं होतं, वनस्पती विकणारी बाई आंधळी, पैसे किती टाकायचे ते तुम्ही ठरवायचं, कमी टाकलेत तर ती काही बोलत नाही पण आत प्रामाणिकपणाचा छुपा आकडा घसरतो.

सेव्ह-लोड, म्हणजे खेळ जपून ठेवून मागच्या जागी परत जाता येणं, हा मोठा शत्रू. वाईट केलं, आवडलं नाही, लोड करून परत आलो, कर्म गेलं कुठे? अंडरटेल या गेमने (२०१५) यावर जालीम उपाय काढला, सगळ्यांना मारून शेवटपर्यंत गेलात की पुन्हा नव्याने खेळून चांगला शेवट गाठलात तरी त्याला डाग राहतोच. एवढं टोक गाठू नका, पण फळाच्या नोंदी सेव्ह फाइलच्या बाहेर ठेवायला हरकत नाही.

पुण्याचं काय करायचं? गीतेच्या नवव्या अध्यायात पुण्य संपलं की स्वर्गातून परत खाली यावं लागतं, त्यामुळे चांगल्या कामाचं बक्षीस कायमचं देऊ नका, वापरलं की संपलं. 'मोक्ष' हा शेवट ठेवणार असाल तर अट पुण्य जास्त अशी नको, सगळ्या नोंदी शून्य अशी ठेवा, मग पुण्याच्या मागे धावणारा खेळाडूच जास्त अडकतो.

एक अडचण येणारच, फळ दहा तासांनी मिळालं तर खेळाडूला तो बग, म्हणजे गेममधली चूक वाटतो. त्यावर साधा इलाज, फळ आलं की मूळ प्रसंगाची खूण एक क्षण दाखवा, त्या गायीच्या गळ्यातली घंटा वाजली तरी पुरे, मजकूर टाकून समजावत बसू नका.